निबंधांतील अवतरणें व त्यांचे आधार

अस्सल कागद, पोथ्या व ताम्रपट यांच्या चर्चेस वाहिलेल्या या पृष्ठांत विद्यार्थ्यांच्या निबंधलेखनाचा विषय घेतलेला पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. विषय शाळेचा आहे व तो शाळेंतच राहावा, असेंही कोणी म्हणेल. परंतु ज्या वाक्यावर इतिहासाचें एखादें विधान उभें असतें, तें वाक्य पुष्कळदां प्रथम अशाच एखाद्या निबंधांत उतरलेलें असतें. तेथून तें गांवच्या माहितीपुस्तकांत जातें, माहितीपुस्तकांतून वृत्तपत्रांत, आणि वृत्तपत्रांतून पुनः दुसऱ्या निबंधांत. इतका प्रवास झाल्यावर तें कोणत्या पोथीच्या कोणत्या पत्रावर होतें हें विचारावयास आम्ही निघतों, आणि सांगावयास कोणी राहिलेला नसतो. सबब ज्याच्या घरीं बाड आहे व जो तें उघडून दाखवितो, त्यास हा विषय परका नाहीं.

बुलढाणा जिल्ह्यांत मेहकर तालुक्यांत हिवरा आश्रम नांवाचें गांव आहे. शुकदास महाराजांनीं स्थापिलेल्या विवेकानंद आश्रमामुळें व त्याच्या शिक्षणसंस्थांमुळें तें वऱ्हाडांत सर्वांस परिचित आहे. २०१८ च्या ९१ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाकरितां प्रथम याच गांवाचें नांव जाहीर झालें होतें. पुढें वाद होऊन तें संमेलन बडोद्यास भरलें, ही गोष्ट पुष्कळांस स्मरत असेल. संशोधकाच्या दृष्टीनें गांवाचें महत्त्व निराळें आहे. मेहकर व लोणार हीं दोन्ही क्षेत्रें येथून जवळ. सिंदखेडराजा याच जिल्ह्यांत. आणि महानुभाव वाङ्मयाचे थोर अभ्यासक डॉ. विष्णु भिकाजी कोलते यांचें जन्मगांव नरवेल हेंही याच जिल्ह्याच्या मलकापूर तालुक्यांतलें. अशा प्रांतांतला विद्यार्थी आपल्या गांवाविषयीं निबंध लिहूं लागला म्हणजे त्याच्या हातीं लीळाचरित्र, स्थानपोथी, आईने अकबरी, बखरी व घरचे मोडी कागद, असें बहुविध साहित्य सहज येतें. हिवरा आश्रम येथें आमचा मुक्काम असतां निरनिराळ्या ठिकाणच्या विद्यार्थ्यांनीं लिहिलेल्या अशा निबंधांचा एक गठ्ठा आमच्या वाचनांत आला. निबंध मेहनतीनें लिहिलेले होते. दोष होता तो बहुतेक एकच: अवतरणें अधांतरीं लोंबत होतीं.

अधांतरीं म्हणजे काय, हें उदाहरणानें सांगतों. पुढील पत्र आम्हीं नमुन्याकरितां कल्पिलें आहे. कोणीं तें अस्सल समजून उतरून घेऊं नये. समजा, मेहकर परगण्यांतील एका पाटलाच्या पत्रांत “पाऊस पडला नाहीं, रयत परागंदा जाली” असें वाक्य आहे. विद्यार्थी लिहितो: ‘त्या वर्षीं मोठा दुष्काळ होता. “पाऊस पडला नाहीं, रयत परागंदा जाली.” लोकांचे फार हाल झाले.’ येथें मधलें वाक्य कोणाचें, कोणास लिहिलेलें, केव्हांचें, हें वाचकास कळत नाहीं. तें मागच्या वाक्यास चिकटलेलें नाहीं, पुढच्याही नाहीं. गोधडीवर ठिगळ ठेवावें पण टांका घालूं नये, तसें तें आहे. आतां हेंच असें लिहून पाहावें: ‘सरकारांतून वसुलाचा तगादा आला असतां पाटील उत्तर लिहितो कीं, “पाऊस पडला नाहीं, रयत परागंदा जाली.” पाटलास सूट हवी होती हें लक्षांत घेतलें तरी, “परागंदा” हा शब्द तो वापरतो यावरून कांहीं कुळें गांव सोडून गेलीं असावीं असें दिसतें.’ अवतरण तेंच आहे. पहिल्या रचनेंत तें दुष्काळाचा पुरावा म्हणून उभें होतें, दुसऱ्या रचनेंत तें सूट मागणाऱ्या माणसाचें म्हणणें ठरलें. प्रास्ताविक वाक्यानें शोभा वाढली असें नव्हे, पुराव्याचें मोल बदललें. अवतरणाच्या आधीं येणारें अर्धें वाक्य हें इतकें काम करितें.

ही गोष्ट नवी नाहीं, व ती परकीयांकडून शिकण्याचेंही कारण नाहीं. मराठी गद्याचा आरंभ ज्या पंथाच्या ग्रंथांनीं झाला, त्यांतच ती सिद्ध केलेली आहे. म्हाइंभटांनीं तेराव्या शतकाच्या अखेरीस श्रीचक्रधरांच्या लीळा संग्रहित केल्या. स्वामींचीं वचनें त्या लीळांत प्रसंगासह आलीं आहेत: गांव कोणता, देऊळ कोणतें, विचारलें कोणीं, आणि मग ‘सर्वज्ञें म्हणितलें’ असें म्हणून वचन. विरामचिन्हें नसलेल्या, शब्द तोडून न लिहिलेल्या त्या पोथीवर अवतरणचिन्हाचें काम हे दोनच शब्द करीत. पुढें केसोबासांनीं लीळांतून केवळ वचनें निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. वचनें प्रसंगापासून सुटीं होतांच अडचण उत्पन्न झाली. सूत्र तोंडपाठ, पण तें कोणास उद्देशून व कशावरून निघालें हें ठाऊक नसल्यामुळें अर्थ भलतीकडे जाऊं लागला. त्यावर पंथीयांनीं उपाय योजिला तो ‘प्रकरणवश’ या नांवाच्या ग्रंथांचा. अमुक सूत्र अमुक प्रसंगीं, अमुक भक्तास उद्देशून निरूपिलें, एवढेंच सांगण्याकरितां हे ग्रंथ आहेत. अवतरणास प्रसंग जोडण्याच्या एकट्या कामाकरितां स्वतंत्र ग्रंथप्रकार निर्माण व्हावा, हें आम्हांस फार उद्बोधक वाटतें. निबंध लिहिणाऱ्यानें प्रत्येक अवतरणापुढें आपलें एक ओळीचें प्रकरणवश लिहावें, एवढेंच आमचें मागणें आहे.

पाठभेदाच्या बाबतींतही हाच पंथ वाट दाखवितो. लीळाचरित्राची मूळ प्रत पुढील काळच्या धामधुमींत नाहींशी झाली व अनुयायांनीं आठवणींतून ती पुनः जुळविली, असें परंपरा सांगते. त्यामुळें हिराइसेचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ, परशरामबासांचा पाठ असे अनेक पाठ झाले. लेखकांनीं हे भेद लपविले नाहींत. लीळेच्या ओघांत किंवा शेवटीं ‘वासना’ अथवा ‘शोधु’ असा शब्द घालून, अमक्याच्या मतें येथें असें आहे, म्हणून त्यांनीं दुसरा पाठ नोंदून ठेविला. वचन ईश्वराचें मानणारा श्रद्धाळू लेखक, ‘हेंच खरें’ म्हणून एक पाठ दामटून न लिहितां दुसऱ्याचीही नोंद करितो. आणि इतिहासाचा म्हणविणारा निबंधकार मात्र तीन प्रतींपैकीं सोयीची ओळ उचलतो व बाकी दोहोंचें नांव काढीत नाहीं! लोणार येथें यादव राजा कान्हरदेव व स्वामी यांच्या भेटीची जी लीळा आहे, तिच्यावर लिहितांना ही सावधगिरी विशेष बाळगावी लागते. हरि नारायण नेने यांनीं १९३६ पासून छापलेली प्रत व कोलते यांनीं १९७८ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळातर्फे प्रसिद्ध केलेली प्रत, यांतील लीळांचे क्रमांक जुळत नाहींत. ‘लीळाचरित्र, पूर्वार्ध, लीळा अमुक’ एवढेंच लिहिणारा विद्यार्थी वाचकास कोणत्या घरीं पाठवितो हें त्याचें त्यालाच कळत नाहीं. संपादकाचें नांव व साल हीं दोन घातलीं म्हणजे ही अडचण मिटते. ज्ञानेश्वरीच्या ओव्यांसही हाच नियम. राजवाडे यांनीं १९०९ सालीं छापलेल्या प्रतींतील ओव्यांची संख्या व क्रम इतर प्रतींशीं सर्वत्र मिळत नाहीं. केवळ अध्याय व ओवी सांगून भागत नाहीं.

आतां प्रास्ताविक वाक्यांतील क्रियापदाविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण तेथें आमचे जुने कागद विद्यार्थ्यास हवी तेवढी मदत करितात व तो ती घेत नाहीं. बहुतेक निबंधांत अवतरणापूर्वी ‘म्हटलें आहे’ हें एकच क्रियापद येतें. ग्रंथ असो, सनद असो, शिलालेख असो, सर्वांनीं ‘म्हटलें आहे’! वस्तुतः प्रत्येक प्रकारच्या कागदाची बोलण्याची तऱ्हा निराळी असते. आज्ञापत्र आज्ञा करितें, विनंतिपत्र विनवितें, कौलनामा अभय देतो, महजर साक्षीदारांच्या देखत निर्णय नोंदवितो, कतबा लिहून देणारा कबूल करितो, तक्रारीचा कागद आरोप करितो. ‘महजरांत गोतानें असा निवाडा दिला कीं’ असें लिहिलें कीं वाचकास कागदाची जात, बोलणारे व त्यांचा अधिकार हें तिन्ही एकदम कळतें. ‘अमुक देशमुख आपल्या अर्जांत तक्रार करितो कीं’ असें लिहिलें म्हणजे पुढचें वाक्य एका पक्षाचें आहे हें वेगळें सांगावें लागत नाहीं. क्रियापद नीट निवडलें तर टीकेचें अर्धें काम तेथेंच होतें. उलट ‘सिद्ध करितो’, ‘स्पष्ट करितो’ अशीं क्रियापदें अवतरणापूर्वी येऊं लागलीं म्हणजे लेखक कागदाच्या तोंडांत आपलें मत घालीत आहे असें समजावें.

बखरींच्या बाबतींत क्रियापदाच्या आधीं कर्ताही तपासावा लागतो. कृष्णाजी अनंत सभासद यानें शिवाजी महाराजांच्या निधनानंतर, राजाराम महाराजांच्या काळांत, जिंजीस आपली बखर लिहिली. तींत महाराजांच्या तोंडीं भाषणें आहेत. तीं उद्धृत करून ‘महाराज म्हणाले’ असें लिहिणें चूक. ‘सभासद महाराजांच्या तोंडीं असे शब्द घालतो’ असें लिहिणें बरोबर. हा फरक केशाएवढा दिसतो, परंतु सिंदखेडराजाच्या संबंधानें त्याचें फळ काय होतें तें पाहावें. जिजाबाईंचा जन्म सिंदखेडास झाला, त्यामुळें या जिल्ह्यांतील निबंधांत जिजाबाईंचीं वाक्यें अवतरणचिन्हांत पुष्कळ आढळतात. त्यांतलीं बहुतेक नाटकें, कादंबऱ्या व चित्रपट यांतलीं असतात. मुलानें तीं ऐकलेलीं असतात, त्यास तीं आवडलेलीं असतात, आणि तो तीं श्रद्धेनें लिहितो. त्यास रागें भरण्याचें कारण नाहीं. नाटककाराचें नांव लिहावयास सांगितलें म्हणजे पुरे. नाटककाराचें नांव येतांच वाक्य आपोआप आपल्या जागीं जाऊन बसतें.

पत्र प्रत्यक्ष उपलब्ध असूनही त्याच्या अस्सलपणाविषयीं मतभेद असतात, तेव्हां तो मतभेद अवतरणाबरोबर चालला पाहिजे. रोहिडखोऱ्याच्या दादाजी नरसप्रभु देशपांडे यांस १६४५ सालीं लिहिलेलें म्हणून जें पत्र राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेंत प्रसिद्ध झालें, तें ‘हिंदवी स्वराज्य’ या शब्दांकरितां असंख्य वेळां उद्धृत होतें. त्या पत्राविषयीं कांहीं संशोधकांनीं शंका घेतल्या आहेत. शंका ग्राह्य कीं अग्राह्य हा वाद येथें करावयाचा नाहीं. परंतु ‘ज्या पत्राच्या अस्सलपणाविषयीं विद्वानांत एकमत नाहीं, त्यांत हे शब्द येतात’ एवढी प्रस्तावना घालण्यास निबंधकाराची एकच ओळ खर्ची पडते, आणि परीक्षकास लेखकाचें वाचन कोठपर्यंत आहे हें कळतें.

मराठी वाक्यरचनेच्या दृष्टीनें अवतरण जोडण्याच्या दोन वाटा आहेत. एक, ‘अमुक लिहितो कीं,’ असें म्हणून अवतरण पुढें ठेवणें. दुसरी, अवतरण आधीं देऊन ‘असें अमुक लिहितो’ म्हणून त्यास बांधून घेणें. लांब अवतरणास पहिली बरी, कारण शेवटपर्यंत वक्ता कोण याची वाट पाहात बसावें लागत नाहीं. दोन-चार शब्दांच्या अवतरणास दुसरी बरी. तीं आपल्या वाक्याच्या पोटांत मुरतात. हल्लीं एक तिसरीच तऱ्हा दिसते: अवतरण अर्धें तोडून मध्यें ‘म्हणतो अमुक’ घालावयाचें व उरलेलें पुढें चालवावयाचें. ही इंग्रजी कादंबरीची चाल आहे. मराठी कानास ती अडखळते. दुसरी एक भानगड सर्वनामांची. मराठींत ‘तो म्हणाला कीं मी येईन’ असेंच आपण बोलतों. परक्याचे शब्द सांगतांना ‘मी’ तसाच राहतो. त्यामुळें अवतरणचिन्हें नसलीं तर शब्द मूळ लेखकाचे कीं निबंधकाराचे हें केवळ व्याकरणावरून ओळखतां येत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीनें विरामचिन्हें मराठी छापखान्यांत रूढ झालीं, तेव्हां ही उणीव भरून निघाली. ज्या शब्दांभोंवतीं चिन्ह आहे ते अक्षरशः मूळचे, व ज्यांभोंवतीं नाहीं ते आपले, हा करार आहे. सारांश चिन्हांत घालणें व मूळचे शब्द चिन्हांवांचून वापरणें, हे दोन्ही त्या कराराचे भंग होत. दुसऱ्यास आम्ही उचलेगिरी म्हणतों, पहिल्यास नांव नाहीं, पण इतिहासाची हानि त्यानेंच अधिक होते.

भाषांतरित ग्रंथाच्या बाबतींत हा करार पाळणें सर्वांत कठीण. लोणारच्या खाऱ्या सरोवराविषयीं व मेहकर सरकाराविषयीं अबुल फजल यानें सोळाव्या शतकाच्या अखेरीस आईने अकबरींत माहिती दिली आहे. त्या क्षाराचा कांच व साबण करण्याकडे उपयोग होतो असें तो लिहितो. मूळ ग्रंथ फारसी. त्या भागाचें इंग्रजी भाषांतर जॅरेट यानें केलें. आमच्या विद्यार्थ्यानें इंग्रजीचें मराठी केलें, तें चिन्हांत घातलें, आणि खालीं ‘अबुल फजल’ असें लिहिलें. अबुल फजलाचा त्यांत एकही शब्द उरला नाहीं! अशा ठिकाणीं चिन्हें काढून टाकावीं व ‘अबुल फजल सांगतो कीं’ असें म्हणून आशय आपल्या शब्दांत द्यावा, आणि आधार म्हणून जॅरेटच्या भाषांतराचा खंड व पृष्ठ नमूद करावें. जें आपण पाहिलें त्याचा उल्लेख, जें पाहिलें नाहीं त्याचा नाहीं.

या शेवटच्या गोष्टीविषयीं आमचा स्वतःचा एक अपराध कबूल करणें प्राप्त आहे. तरुणपणीं एका लेखांत आम्हीं एका निवाडपत्रांतील उतारा दिला व खालीं मूळ साधनग्रंथाचा खंड व लेखांक घातला. वस्तुतः उतारा आम्हीं दुसऱ्याच एका छापील पुस्तकांतून घेतला होता. मूळ खंड उघडून पाहण्याचा आळस केला. त्या पुस्तकांत लेखांकाचा आंकडा चुकलेला होता, व उताऱ्याच्या मध्यावरील एक वाक्य गळलें होतें. आमच्या लेखावरून पुढें दोघां लेखकांनीं तोच उतारा त्याच चुकीच्या आंकड्यासह घेतला. एका वृद्ध संग्राहकानें कार्ड पाठवून विचारलें, ‘आपण दिलेल्या लेखांकावर तर विहिरीच्या वाट्याचा कागद आहे, आपला निवाडा कोठें?’ तें कार्ड आम्हीं जपून ठेविलें आहे. गळलेलें वाक्य वादीच्या विरुद्ध जाणारें होतें, म्हणजे आमचें अनुमानच उलटलें. ‘अमुक ग्रंथांत उद्धृत केल्यावरून’ एवढे शब्द लिहिले असते तर दोष ज्याचा त्याजकडे राहिला असता, व पुढच्या दोघांस मूळ पाहण्याची बुद्धि झाली असती.

मोडी कागदांतील अवतरण देतांना आणखी दोन गोष्टी संभाळाव्या लागतात. मोडींत शब्द तोडीत नाहींत, ऱ्हस्वदीर्घ पाळीत नाहींत, व संक्षेपांचा सुकाळ असतो. ‘प॥’ हें परगणे म्हणून सर्वांस कळतें. पण ‘ता॥’ हें कोठें तर्फ, कोठें तागाईत, हें संदर्भावरूनच ठरतें. लेखकानें संक्षेप सोडविला तर सोडविलेलीं अक्षरें चौकोनी कंसांत घालावीं, म्हणजे ‘ता[गाईत]’ हें आपलें वाचन आहे, कागदावरचें नव्हे, हें दिसेल. गळलेल्या, किडीनें खाल्लेल्या अक्षरांच्या जागीं टिंबें द्यावीं. संशयित अक्षरापुढें प्रश्नचिन्ह. शुद्धलेखन आजच्या वळणाचें करूं नये. ‘जाली’ चें ‘झाली’ केलें तर कागद शंभर वर्षांनीं तरुण होतो, व भाषेच्या अभ्यासकास तो निरुपयोगी होतो.

दुसरी गोष्ट कालाची. कागदावरची मिति जशीच्या तशी द्यावी व तिचें आजचें रूप शेजारीं कंसांत द्यावें. एकाच्या जागीं दुसरें घालूं नये. ‘सीत अर्बैन अलफ’ म्हणजे सहा, चाळीस व हजार, अर्थात् सुहूर सन १०४६. त्यांत मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व पुढें ६०० मिळविले म्हणजे इसवी सन १६४५-४६ निघतो. शकांत ७८ किंवा ७९ मिळवितात. हें गणित विद्यार्थ्यास येतें, पण तो मूळ शब्द खोडून केवळ इसवी सन लिहितो. गणित चुकलें तर तें तपासण्याचें साधन त्यानेंच नष्ट केलेलें असतें.

आधार लिहिण्याच्या पद्धतीचें उत्तम उदाहरण आमच्या घरांतच आहे. राजवाडे यांनीं १८९८ पासून साधनांचे खंड काढले. प्रत्येक कागदास लेखांक दिल्यामुळें शेंदीडशें वर्षांपूर्वीचा किंवा चारशें वर्षांपूर्वीचा कागद असो, ‘खंड अमुक, लेखांक अमुक’ एवढ्या दोन आंकड्यांत तो सांपडतो. पृष्ठाचा आंकडा आवृत्तीगणिक बदलतो. लेखांक बदलत नाहीं. म्हणून जेथें लेखांक, ओवी, लीळा किंवा सूत्र यांचा क्रमांक आहे तेथें तो आधीं द्यावा, मग आवृत्ति व पृष्ठ. सूत्रपाठांतील वचन असल्यास ‘आचार’, ‘विचार’, ‘महावाक्य’ असें प्रकरणाचें नांवही द्यावें. ‘तत्रैव’ हा शब्द मात्र विद्यार्थ्यांनीं जपून वापरावा. निबंधाची दुसरी प्रत करितांना मध्यें एखादी टीप घातली गेली कीं खालचें ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवूं लागतें.

राहतां राहिला अप्रकाशित पोथ्यांचा प्रश्न, आणि तो संग्राहकांचा आहे. हल्लीं विद्यार्थी भ्रमणध्वनीवर पोथीचें छायाचित्र घेतो. सोय मोठी झाली. परंतु हिवरा आश्रम येथें ज्यांनीं आम्हांस अशीं छायाचित्रें दाखविलीं, त्यांतील बहुतेकांत मजकुराचाच भाग होता. पत्रांक ज्या समासांत असतो तो समास बाहेर राहिला होता, व लेखकाचें नांव आणि शक ज्या शेवटच्या पत्रावर असतात तें पत्र कोणीं टिपलेंच नव्हतें. एका मुलीनें मात्र आपल्या आजोळच्या स्थानपोथीचें पहिलें पान, हवें असलेलें पान, पुष्पिका व गुंडाळलेलें वस्त्र अशीं चार चित्रें क्रमानें घेतलीं होतीं. ‘वस्त्राचें कशास?’ असें आम्हीं विचारतां ती म्हणाली, ‘आजोबांच्या तीन पोथ्या आहेत, कोणती ती पुढें कळावी म्हणून.’ तिच्या निबंधांत अवतरण होतें दोनच ओळींचें, व त्याखालीं पोथीचें नांव, पत्रांक, पृष्ठाची बाजू, लेखनशक, संग्रहाचें ठिकाण व पाहिल्याची तारीख इतकें सर्व होतें. संपादित प्रतीशीं ताडून एका शब्दाचा भेदही तिनें नोंदला होता.

मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, चिखली या टापूंत ज्यांच्या घरीं बाडें व पोथ्या आहेत, त्यांस आमची विनंती आहे कीं, त्यांनीं प्रत्येक बाडास एक क्रमांक द्यावा व तो वस्त्राच्या आंत चिठीवर लिहून ठेवावा. पत्रांक नसलेल्या पानांवर कोपऱ्यांत शिसपेन्सिलीनें हलका आंकडा घालावा. शाई लावूं नये. पत्राच्या दर्शनी बाजूस ‘अ’ व पाठीमागील बाजूस ‘ब’ असा संकेत ठेवावा. जो कोणी उतरून घेईल त्याचें नांव, तारीख व त्यानें पाहिलेलीं पत्रें यांची नोंद एका वहींत असावी. घराचें नांव छापलें जाऊं नये अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांच्या पोथीचा निर्देश ‘खासगी संग्रह, मेहकर तालुका, बाड ३, पत्र १७ ब’ एवढाच करण्यास हरकत नाहीं. अशा रीतीनें क्रमांक घातलेल्या बाडांच्या याद्या आमच्याकडे आल्यास त्या या त्रैमासिकांत क्रमशः छापूं.